धान्याचे तीन वाटे, ग्रहाच्या पाच पट्ट्या

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाने संगणकावरच्या अंतराळातल्या खेळावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण नातवाने मला ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा १९९३ सालचा जुना खेळ लावून दिला, आणि चार-सहा दिवसांत माझ्या लक्षात आले की याचा विषय अंतराळ नाहीच. याचा विषय आहे जमाखर्च. म्हणजे आमचाच विषय! शाळेत राजवटींचे धडे शिकवताना लढायांच्या सनावळ्या मुले घडाघडा म्हणत. पण त्या लढायांचा पैसा आला कुठून, असे विचारले की वर्ग गप्प. या खेळात तो प्रश्न टाळताच येत नाही.

गंमत म्हणजे या प्रकारच्या खेळांचा इतिहास एका शिक्षिकेपासून सुरू होतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कटोना गावी मेबल ॲडिस नावाच्या बाई चौथीच्या वर्गाला शिकवत. १९६४ मध्ये आयबीएम कंपनी आणि तिथल्या शिक्षण मंडळाच्या एका प्रकल्पात त्यांनी ‘द सुमेरियन गेम’ रचला. त्याचा प्रोग्रॅम विल्यम मॅके यांनी लिहिला. पडदा वगैरे काही नाही. सहावीची मुले टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसत आणि उत्तरे कागदावर छापून येत. मुलगा किंवा मुलगी म्हणजे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराचा, लगाश नगरीचा राजा लुदुगा. कारभारी येऊन सांगणार, इतके धान्य आले, इतकी माणसे आहेत. आता सांगा महाराज: खायला किती, पेरायला किती, कोठारात किती?

तीनच वाटे. पण त्यात राज्यशास्त्र आले, अर्थशास्त्र आले आणि काळजीही आली. सगळे खाऊ घातले तर पुढच्या वर्षी पेरायला नाही. सगळे पेरले तर आज माणसे उपाशी. कोठार भरले तरी पूर आणि आग आहेतच. एकच पोते दोनदा वापरता येत नाही, ही गोष्ट बाराव्या वर्षी कळली तर माणूस पुढे फारसा फसत नाही, असे मला वाटते.

याच कल्पनेवरून १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी छोटा खेळ लिहिला आणि पुढे डेव्हिड आल यांनी तो १९७३ च्या आपल्या बेसिक भाषेतल्या खेळांच्या पुस्तकात छापला. तो ‘हमुराबी’ या नावाने जगभर गेला. (हम्मुराबी हा बाबिलोनचा राजा, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला, त्याला सुमेरचा करून टाकले, हे मास्तराच्या नजरेतून सुटत नाही. असो.) सुरुवातीला १०० माणसे, १००० एकर जमीन आणि २८०० मापे धान्य. वर्षाला माणशी २० मापे खायला हवीत. राज्य दहा वर्षांचे, आणि एखाद्या वर्षी ४५ टक्क्यांहून अधिक लोक उपासमारीने मेले की राजाची उचलबांगडी!

आता तिथून १९९३ मध्ये येऊ. ‘मास्टर ऑफ ओरायन’ स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्सने घडवला आणि मायक्रोप्रोजने बाजारात आणला. त्याच वर्षी ॲलन एमरिक यांनी एका मासिकात या खेळाविषयी लिहिताना शोध, विस्तार, दोहन आणि संहार अशी चार सूत्रे सांगितली. इंग्रजीत चारही शब्दांत ‘एक्स’चा उच्चार येतो, म्हणून असल्या खेळांना ‘फोर एक्स’ म्हणू लागले. ओरायनची वंशावळ थेट लुदुगापर्यंत पोचते असा माझा दावा नाही. पण राजापुढचा प्रश्न तोच आहे.

खेळ इसवी सन २३०० मध्ये सुरू होतो. आपल्याकडे एकच ग्रह, त्यावर ४० एकक लोकसंख्या आणि ३० कारखाने. ग्रहावर क्लिक केले की पाच आडव्या पट्ट्या दिसतात: जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. एक पट्टी पुढे सरकवली की दुसरी कुठली तरी आपोआप मागे येते, कारण बेरीज शंभरच्या वर जात नाही. अंदाजपत्रक म्हणजे काय हे इतक्या थोड्या जागेत समजावणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही.

कारखाना उभारायला १० एकके लागतात आणि तो वर्षाला १ एकक मिळवून देतो. म्हणजे भांडवल परत यायलाच दहा वर्षे. वर प्रत्येक कारखाना घाण करतो, ती साफ करण्याचा खर्च पर्यावरणाच्या पट्टीतून. ती पट्टी मागे ओढली तर घाण साचते आणि माणसे कमी होऊ लागतात. माणसे कमी झाली की कारखाने चालवणार कोण? सुरुवातीला एका एककाला दोनच कारखाने सांभाळता येतात. त्यामुळे चाळीसांसाठी ऐंशी कारखाने ठीक. त्यापुढे उभारले तर कुलूपच.

संशोधनाचीही तीच तऱ्हा. सहा शाखा आहेत आणि नियमाने, दरवर्षी थोडे थोडे घालत राहिले तर त्यावर व्याजासारखी भर पडते. एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी शून्य, असे केले की ती भर जाते. प्रत्येक शाखेपुढे एक दिव्याचा बल्ब असतो, तो हळूहळू भरतो. आमच्या खात्यात मार्चअखेरीस घाईघाईने खर्च उरकणारे पाहिले, त्यांच्यापुढे तो बल्ब ठेवायला हवा होता!

पण मला सर्वांत अधिक शिकवून गेली ती तिजोरी. ग्रहांवर कर बसवून पैसा मध्यवर्ती तिजोरीत आणता येतो आणि तिथून नव्या, गरीब वसाहतीला देता येतो. मात्र वाटेत निम्मा नाहीसा होतो. शंभर घेतले तर पन्नास पोचतात. रचणाऱ्याने हा नियम खेळाचा तोल राखण्यासाठी ठेवला असेल, पण साम्राज्यांचा इतिहास वाचलेल्याला तो ओळखीचा वाटतो. दूरच्या प्रांतातून राजधानीत आणि राजधानीतून परत प्रांतात, या प्रवासात पैसा झिजतोच. तरीही कधीकधी तो निम्मा तोटा सोसावा लागतो, कारण नव्या वसाहतीत दोन एकके माणसे आणि एकही कारखाना नसतो. तिला आज हात दिला तर ती दहा वर्षे आधी उभी राहते.

आता मनात राहिलेली एक खंत सांगतो. बाईंच्या खेळात पहिला प्रश्न होता, माणसांनी खायचे काय? ओरायनच्या पाच पट्ट्यांत अन्नाची पट्टी नाही. शाळेची नाही, दवाखान्याची नाही. माणूस मोजला जातो तो कारखान्यावरचा हात म्हणून. १९९६ च्या दुसऱ्या भागात शेतकरी परत आला. तिथे प्रत्येक एकक शेतकरी, कामगार किंवा शास्त्रज्ञ असते, आणि एका ग्रहाचे धान्य दुसऱ्याला द्यायचे तर मालवाहू जहाजे लागतात. हिशेब वाढला, पण राजाला पुन्हा उपासमार दिसू लागली. २००३ च्या तिसऱ्या भागात ग्रहांचा कारभार बराचसा संगणकाच्या सुभेदारांवर सोपवला होता. खेळणाऱ्यांनी त्यावर पुष्कळ टीका केली. मला ती पटते. वाटे करण्याचे काम कंटाळवाणे म्हणून दुसऱ्यावर टाकले की राजाच्या हाती फक्त युद्ध उरते.

मुलांनी हे खेळ खेळावेत की नाही, असे पालक विचारतात. खेळू द्या, मी म्हणतो. फक्त जेवताना एकदा विचारा, ‘आज किती जहाजे पाडलीस?’ असे नव्हे, तर ‘आज कुठली पट्टी मागे ओढलीस?’ जहाजांचा आकडा पोर न विचारताही सांगते. दुसऱ्या प्रश्नाला त्याला थांबून विचार करावा लागतो, आणि राज्य कसे चालते हे समजायला तिथूनच सुरुवात होते.