दोनच जागा

खेळात हरल्याचे दुःख ओसरते; खेळायलाच न घेतल्याचे ओसरत नाही. कलकत्त्याची फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली, तेव्हा तीत हिंदी लोकांच्या संघांना प्रवेश नव्हता. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. लायकी सिद्ध झाली. तरी लीगचे दार उघडायला १९१४ साल उजाडले, आणि तेही दुसऱ्या श्रेणीचे. पुढे पहिल्या श्रेणीत हिंदी संघ दोनच असावेत, असा नियम राहिला. ईस्ट बंगाल संघ पात्र ठरूनही त्यापायी अडला. नियम हटला, तेव्हा १९२५ साली त्याला जागा मिळाली. मग १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने लीग जिंकली.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. ‘लायकी नाही, म्हणून जागा नाही’ हे कारखान्याच्या दाराशी आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. हा इतिहास उलट सांगतो. आज मुलांच्या लीगमध्ये कातडीचा रंग कोणी विचारीत नाही. फी, बूट आणि प्रवासखर्च यांचे मात्र विचारतात. कामगाराचा मुलगा निवडचाचणीपर्यंत पोचलाच नाही, तर तो खेळात कमी पडला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?