अलोऱ्यातला र आणि ब्राउझर

अलोरे हे नाव संगणकावर लिहायला अगदी सोपं. अ, मग लो, मग रे. जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. शेजारची पोफळी आणि कोळकेवाडी ही नावंही तशीच गुणी. चिपळूण, शिरगाव, वाशिष्ठी ह्या मंडळींनी मात्र एके काळी फार छळलं. का, ते पुढे येईलच.

ज्यांना अलोरे माहीत नाही त्यांच्यासाठी: चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या लोकांची वसाहत आहे ती. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून खाली उतरतं, कोळकेवाडी धरणात अडतं, आणि तिथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात (८० मेगावॉटचे चार संच) पुन्हा कामाला लागतं. मग वाशिष्ठीतून समुद्राला. बाबा प्रकल्पात होते, त्यामुळे वसाहत हेच आमचं गाव. पण आज लिहायचंय ते ब्राउझरबद्दल. मराठी विकिपीडियावर त्याला 'न्याहाळक' म्हणतात. शब्द मला आवडतो, तरी घरात मी तो उच्चारला की सगळे हसतात, म्हणून ब्राउझरच म्हणते.

ब्राउझरचा इतिहास म्हटलं की सगळीकडे एकच लढाई सांगतात. १९९३ मध्ये मोझेक आला, १९९४ मध्ये नेटस्केप, १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर. (त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.) पुढे एक्स्प्लोरर विंडोजबरोबर फुकट येऊ लागला आणि नेटस्केप संपत गेला. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम झाला, २००१ मध्ये तो अपिलात रद्द झाला. नेटस्केपने जाता जाता १९९८ च्या मार्चअखेर आपला सोर्स कोड खुला केला, त्यातून मोझिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.०. हे सगळं खरंच आहे. पण मराठी वाचणाऱ्याच्या नजरेतून बघितलं तर लढाई वेगळीच दिसते. ती वेगाची किंवा फुकटची नव्हती, अक्षरांची होती.

नव्वदीच्या अखेरीस मराठी वर्तमानपत्रं जालावर आली तेव्हा युनिकोडमधली देवनागरी घरोघरच्या संगणकांवर नव्हतीच. मग युक्ती काढली गेली. एक फॉन्ट बनवायचा ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. संगणकाला वाटतं की तो रोमन अक्षरं दाखवतोय, आपल्याला दिसतं मराठी. फॉन्ट नसेल तर शिव्या लिहिल्यासारखी चिन्हं. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायचा त्रास नको म्हणून 'डायनॅमिक फॉन्ट' आले, म्हणजे पानाबरोबर आपोआप येणारे. तिथे दोन घराणी झाली. नेटस्केप ४ ने एक प्रकार घेतला, एक्स्प्लोररने दुसरा. एकाचा दुसऱ्यात चालत नसे. नेटस्केप गेल्यावर उरला एक्स्प्लोरर, आणि पानाच्या तळाशी ती ओळ आली: हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ८०० बाय ६०० वर उत्तम दिसते. 'उत्तम' म्हणजे काय, तर फक्त तिथेच दिसते :)

म्हणजे मराठी पेपर वाचायचा तर ब्राउझर निवडायचा प्रश्नच नव्हता, तो पेपरनेच निवडलेला होता. एक्स्प्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. पाच वर्षं! समोर कोणी स्पर्धक नसला की काय होतं त्याचा हा नमुना. २००४ च्या जूनमध्ये तर अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेने, धोका टाळायचा एक मार्ग म्हणून, दुसरा ब्राउझर वापरा असं सुचवलं होतं. आम्ही कुठला वापरणार? सकाळी पेपर तर वाचायचा होता.

दरम्यान विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉन्ट आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, 'मनोगत' २००४ मध्ये. बरहा, गमभन वापरून लोक टंकू लागले, आणि आम्ही ब्लॉगवालेही त्याच लाटेत आलो. आता खरी गंमत. एक्सपीत ही सोय होती, पण झाकून ठेवलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' च्या चौकोनात खूण करायची, मग विंडोजची सीडी घाला म्हणे. ती सीडी कोणाकडे असायची? ती खूण केली नाही की देवनागरी दिसायची, पण सुटी सुटी. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवतात आणि दाखवताना अलीकडे आणतात. हे अलीकडे आणायचं काम झालं नाही की चिपळूणचं 'चपिळूण' व्हायचं. जोडाक्षरांचे पाय मोडायचे. अलोरे, पोफळी, कोळकेवाडी शाबूत! बाबा फोनवर म्हणाले होते, "तुझा लेख वाचला, वसाहतीपर्यंत ठीक होतं, चिपळूणला गाडी रुळावरून घसरली."

फायरफॉक्सही इथे निर्दोष नव्हता. विंडोजवर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत, मजकूर दोन्ही समासांना टेकवलेला (म्हणजे जस्टिफाय केलेला) असला की देवनागरी विस्कटायची. कित्येक मराठी ब्लॉगांच्या वरच्या कोपऱ्यात 'हा ब्लॉग एक्स्प्लोररमध्ये वाचावा' अशी पाटी होती, ती त्यामुळे. जून २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे दुखणं गेलं. ह्या आवृत्तीची पहिल्या २४ तासांत ८० लाखांवर डाउनलोड झाली आणि गिनेस विक्रम झाला. त्याचं मला फार कौतुक नाही. समास जुळवूनही वेलांटी जागेवर राहिली, ह्याचं आहे.

तरीही मी त्याआधीच फायरफॉक्सकडे गेले होते, आणि कारण अक्षर नव्हतं, टेलिफोनचं बिल होतं. डायल-अपच्या काळात जितका वेळ जोडलेले तितके पैसे, आणि फोन तेवढा वेळ बंद. फायरफॉक्समध्ये टॅब होते. जोडणी करायची, आठ-दहा लेख आठ-दहा टॅबांत उघडायचे, जोडणी तोडायची, मग चहा घेत निवांत वाचायचं. एक्स्प्लोररला टॅब मिळाले ते सातव्या आवृत्तीत. नॉर्वेच्या ऑपेरात तर एक कळ दाबली की चित्रं बंद व्हायची, पान सरसर यायचं. पण त्यात २००५ च्या सप्टेंबरपर्यंत वर जाहिरातीची पट्टी असायची, नाहीतर पैसे भरा. आणि पेपर? त्यासाठी फायरफॉक्सला 'पद्मा' नावाचं एक जोडकाम होतं. ते अशा फॉन्टांतला मजकूर ओळखून युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. तेलुगूसाठी सुरू झालेलं हे काम पुढे देवनागरीपर्यंत आलं. ज्यांनी ते केलं त्यांना मी मनातल्या मनात अनेकदा जेवायला घातलं आहे.

आता शीर्षकातला र. अलोरे सोपं आहे म्हटलं, पण मराठी माणूस नुसतं अलोरे कुठे म्हणतो? अलोऱ्याला जातो, अलोऱ्यात राहतो. इथे तो पसरट र लागतो. हिंदीत तो नाही, आणि संगणकावरची देवनागरी आधी हिंदीसाठी घडली. साधा र, हलन्त आणि य लिहिला की रफार चढतो आणि 'अलोर्यात' होतं. आचार्य आणि आचाऱ्याचा हाच फरक. त्यासाठी युनिकोडात दोन वाटा आहेत. एक म्हणजे र-हलन्तानंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं, दुसरी म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ वापरायचा. पहिल्या वाटेने लिहिलं तर काही ठिकाणी ते न दिसणारं चिन्ह चौकोन बनून दिसायला लागायचं. शिवाय एकाने पहिल्या वाटेने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. 'ॲ' चीही हीच कथा. त्याला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली २००८ च्या एप्रिलमध्ये, ५.१ ह्या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श ठरवले, पण पडद्यावर हिंदी वळणाचेच दिसत राहिले. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पानात असेल, फॉन्टात दोन्ही वळणं असतील आणि ब्राउझर ती खूण मानत असेल, तरच आपला ल दिसतो. तिन्ही एकदम जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं.

क्रोम २ सप्टेंबर २००८ ला आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगते. तो चपळ होता, एक टॅब कोसळला तरी बाकीचे तगायचे, आणि अँड्रॉइड फोनबरोबर तो घरोघरी आधीच बसवून आला. एक्स्प्लोरर विंडोजबरोबर आला होता तसाच. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून गूगलचं घेतलं, मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० च्या जानेवारीत तेच केलं. नावं चार, इंजिन एक. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. अमेरिकन न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावायचं मात्र नाकारलं. अक्षरांच्या बाबतीत आज क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही एकच मोकळी प्रणाली वापरतात, हर्फबझ. नाव फारसी आहे. आपल्या मराठीतला 'हरफ' हा त्याच हर्फाचा भाऊ.

मधल्या काळातला ऑपेरा मिनी विसरून चालणार नाही. साध्या बटणांच्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसायचे. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहून, अवघड लिप्यांसाठी चित्ररूप फॉन्ट वापरण्याच्या पर्यायाला 'होय' केलं की अक्षरं तिकडेच चित्र बनून यायची. हा मंत्र मी निदान वीस नातेवाइकांना फोनवर सांगितला असेल.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हाच्या बातम्यांची पानं मी संगणकावर साठवून ठेवली होती. २२ जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं आणि आता कुठपर्यंत, हे बाबांना ताडून बघायचं होतं. २०२१ च्या बातम्या शोधल्या, सापडल्या. २००५ ची पानं उघडली तर रोमन चिन्हांचा कचरा. ते फॉन्ट त्या त्या संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधलेले असत, साठवलेल्या पानाला ते लागूच होत नाहीत. आणि १५ जून २०२२ ला तर एक्स्प्लोररच निवृत्त झाला.

मजकूर मात्र तिथे आहे, फक्त वेष बदललेला. मी आणि पुतण्याने मिळून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ह्याचा एक तक्ता करायला घेतला. बाबा शेजारी बसून, वाक्य अर्धं उलगडलं की पुढचा शब्द ओळखायचे. ते चुकायचे ते फक्त माणसांच्या नावांत. सात पानं झाली आहेत, अकरा उरली आहेत. घरच्या संगणकावर फायरफॉक्स आहे, बाबांच्या फोनवर क्रोम आणि अक्षरं मोठी केलेली. पानं दोन्हीकडे वाचता येतात. चिपळूणची वेलांटी जागेवर आहे.