मानवलेले आणि न मानवलेले औषध

इतिहास केवळ बखरींत नसतो. तो आपल्या रक्तातही असतो. ज्याँ दोसे या फ्रेंच वैद्यकाने १९५८ साली पांढऱ्या पेशींवरची एक खूण ओळखली. अशा खुणांवरूनच शरीर आपले कोण, परके कोण हे जाणते. त्या ठरविणारी जनुके माणसागणिक निराळी असतात.

याचे मोल पुढे कळले. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन बहुतेकांना मानवते. क्वचित एखाद्याची मात्र त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते आणि प्राणावर बेतते. तैवानात २००४ साली अशा ४४ रोग्यांचे रक्त तपासले. एचएलए बी-१५०२ हे रूप त्या सर्वांत निघाले. औषध सोसलेल्या १०१ जणांत अवघ्या तिघांत! आग्नेय आशियात ते पुष्कळांत, भारतातही काहींत आढळते. युरोपात व जपानात विरळाच. तेव्हा एका देशाचा अनुभव दुसऱ्यास पुरत नाही.

पुढे तेथेच ४,८७७ जणांची आधी तपासणी झाली. खूण असलेल्या ७.७ टक्के लोकांना ते औषध दिले नाही. २०११ साली निष्कर्ष आला: हा विकार एकालाही झाला नाही. मात्र उरलेल्या बहुसंख्यांत ती खूण नव्हतीच. म्हणून वैद्याने वंश विचारून थांबू नये. समोरच्या माणसाचे रक्त पाहावे.