भरती येईपर्यंत दाभोळ

माझ्या आजीला कोकणचा नकाशा कधी कुणी दाखवला नव्हता, पण हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही नावं ती एका दमात म्हणायची, तीही क्रम न चुकवता. बोट ज्या क्रमानं बंदरं घ्यायची, तोच तिचा भूगोल. महाड, खेड, चिपळूण ही गावं त्यात कुठं बसवायची हे तिला शेवटपर्यंत नीटसं जमलं नाही. ती आत होती, म्हणजे तिच्या मते आडबाजूला.

आमचं गाव चिपळूणच्या अलीकडं, वाशिष्ठीच्या काठाला. मुंबईहून निघायचं ते भाऊच्या धक्क्यावरून. आगबोट दाभोळच्या तोंडाशी यायची, भोंगा द्यायची आणि खोल पाण्यात उभी राहायची. मग काठावरून पडाव निघायचे. आजीच्या गोष्टीतला सगळ्यात रंगलेला भाग हाच. बोटीच्या अंगाला लागलेला पडाव लाटेवर वर यायचा आणि खाली जायचा. तो वर आला की खलाशी ओरडायचा, "चला बाय, टाका पाय!" पाय टाकायला क्षणभर उशीर झाला तर पडाव गेला हातभर खाली. आधी पोरं उचलून दिली जात, मग बोचकी, मग ट्रंका, आणि शेवटी नऊवारी सावरत बायका. बहुतेकांना बोट लागलेली असायची. लिंबू हुंगून हुंगून त्याचा पार चोथा झालेला. अशा अवस्थेत अंधारात, हेलकावणाऱ्या फळीवर पाय टाकायचा. "एकदा माझ्या जाऊबाईंची कोंबडी पडली पाण्यात," आजी सांगायची, "तर त्या कोंबडीसाठी रडल्या, स्वतः वाचल्या त्याचं काही नाही."

काठाला लागलं तरी घर लांबच. गोवळकोटला जाणारी लाँच खाडीला भरती लागल्याशिवाय सुटत नसे. मग दाभोळात थांबायचं. कधी तासभर, कधी अर्धी रात्र. आजीनं दाभोळ पाहिलं ते असं, कंदिलाच्या उजेडात, ट्रंकेवर बसून, पेंगणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन. गावात कुठं काय आहे विचारलं तर तिला मिठाचा वास, सुकटीचा वास आणि एका खाणावळीतली कुळथाची पिठी एवढंच आठवायचं. उभ्या आयुष्यात कितीतरी वेळा ती तिथं उतरली, पण गावात शिरलीच नाही.

आता दापोलीकडून घाट उतरून दाभोळला आलं की गाड्यांची रांग लागलेली दिसते. समोर धोपावे, मध्ये वाशिष्ठी. 2003 पासून इथं फेरीबोट चालते. पुढची फळी काठावर टेकते आणि मोटारी, दुचाकी, टेम्पो, कॉलेजची पोरं, माशांच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका सगळे एकदमच आत शिरतात. गाडीत बसल्या बसल्याच तिकीट फाडून मिळतं. दहा-पंधरा मिनिटांत गुहागर तालुका. एरवी याच पैलतीरासाठी चिपळूणला वळसा घालावा लागे. सोय झाली यात शंका नाही. पण मी पाहतो तर बहुतेक पर्यटक दाभोळात काच खाली करतात तेवढीच. माझी आजी निदान ट्रंकेवर तरी बसली होती.

मी गाडी रांगेतून काढली आणि पाण्याला लागून असलेल्या मशिदीपाशी गेलो. काळ्या दगडाची, चार मिनार आणि मध्ये घुमट, अगदी विजापुरी धाटणीची. आदिलशाहीच्या उतरत्या काळातली, सतराव्या शतकाच्या मध्यातली ही वास्तू. दक्षिण कोकणात या तोलाचं दुसरं काम मी तरी पाहिलेलं नाही. पायऱ्यांवर एक म्हातारे बसले होते. तरुणपणी जहाजावर नोकरी केलेले, इथल्या पुष्कळ घरांतून पुरुष जहाजावर गेले तसे. मी म्हटलं, "चाचा, ही कुणी बांधली?" त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट सांगितली. विजापूरची शहजादी हजला निघाली होती. दाभोळला आली, तर दर्यावर चाचे आणि लढायांची धामधूम. जहाज सुटेना. वाट बघून बघून शेवटी तिनं हजसाठी आणलेला खजिना इथंच खर्च केला. "तिला मक्का नाही मिळाली," चाचा म्हणाले, "मग तिनं आम्हाला मशीद दिली."

गोष्ट खरी किती, खोटी किती, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. मला ती पटते, कारण दाभोळात अडकून पडण्याचा अनुभव आमच्या घराण्याला आहे.

आणि अडकणारे काही लहानसहान नव्हते. बहमनी काळात दाभोळ म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर. अरबी घोडे इथं उतरायचे आणि घाट चढून दख्खनला जायचे. पुढं बहमनींचा वजीर झालेला महमूद गवान पंधराव्या शतकात इराणहून आला तो व्यापारी म्हणून, याच बंदरात. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन दख्खन हिंडून परत निघाला तोही इथूनच, होर्मुझच्या जहाजानं. मग आला अल्मेडा. मार्च 1508 मध्ये चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं वाटेत, डिसेंबरच्या अखेरीस, दाभोळ गाठलं. शहर जाळलं, बायकापोरांसकट कत्तल केली. चौलला झालं त्यात दाभोळच्या भाजीवालीचा किंवा भोयाचा काय हात? पण सुडाला पत्ता लागत नाही. दाभोळवर फिरंगी कोपला तसा तुझ्यावर कोपो, असा शाप म्हणे त्यानंतर लोकांच्या तोंडी आला. चाचांना मी विचारलं. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. लोकांच्या तोंडचा म्हणवणारा शाप पुस्तकातच उरला, आणि पुस्तकवाले जिच्यावर शंका घेतात ती शहजादी मात्र तोंडी टिकली.

बोटीच्या आठवणींत भीतीही असे. 1927 च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमच्या पणजोबांनी घरात फर्मान काढलं, की नवरा-बायको-पोरं सगळ्यांनी एका बोटीत बसायचं नाही. आजी हे फर्मान एकदाही पाळलं गेलं नाही असं सांगून हसायची. दोन बोटींच्या तिकिटांना पैसे कुणाकडे होते?

मग रस्ते सुधारले, एस.टी. आली, बोटी आटल्या, 1998 ला कोकण रेल्वे पुरी झाली आणि कोकणाचं तोंड समुद्राकडून डोंगराकडे वळलं. दाभोळचं नाव जगभर गेलं ते नव्वदच्या दशकात, एन्रॉनमुळे. गंमत अशी, की दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प दाभोळात नाहीच. तो पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. 2001 मध्ये तो बंद पडला तेव्हा बदनामी आली ती मात्र अलीकडच्या काठाला. चाचांना याचा राग अजून आहे. "नाव आमचं, जमीन त्यांची, वीज कुणाचीच नाय," ते म्हणाले.

मुंबईहून कोकणात पुन्हा बोट सुरू होणार, अशी बातमी अधूनमधून येते. चाचांच्या नातवानं ती मोबाइलवर दाखवली. चाचांनी चष्मा लावला, बातमी शेवटपर्यंत वाचली, आणि पोराला विचारलं, "दाभोळचा थांबा कुठं लिहिलाय यात?"