मागणीचा अंदाज आणि तारांचे मनोरे



विजेच्या कामाला शेतकऱ्यांनी विरोध करावा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. एप्रिल १९२१ मध्ये मुळशी येथे टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. धरण व्हावयाचे ते झालेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, याबद्दल मात्र फारसा वाद नव्हता. ती कोणाच्या जमिनीच्या मोलाने मिळवावयाची, हा वाद होता. आज ज्या लढ्यांचा इतिहास मी सांगणार आहे ते अमेरिकेतले आहेत, आणि त्यांतला प्रश्न एक पायरी आधीचा आहे. एवढी वीज लागणार आहे, हे ठरविले कोणी आणि कशाच्या आधारावर?

प्रथम थोडे तंत्र समजून घेऊ. तितकीच वीज दुप्पट दाबाने पाठविली तर तारांतील प्रवाह निम्मा होतो आणि उष्णतेच्या रूपाने होणारा नाश चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला दाब वाढवितात. परंतु दाब जितका जास्त तितक्या तारा जमिनीपासून उंच आणि एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात. मनोरे प्रचंड होतात आणि खालचा पट्टा रुंद होतो. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाड वाढू देता येत नाही. शेतकऱ्याला मोबदला एकदा मिळतो. मनोऱ्याला वळसा घालून नांगरणी मात्र त्याने आणि त्याच्या मुलांनी जन्मभर करावयाची असते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीसेक वर्षे अमेरिकेत विजेचा वापर दरवर्षी सुमारे ७ टक्क्यांनी वाढत गेला, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट झाला. एका पिढीच्या अभियंत्यांनी दुसरे काही पाहिलेच नव्हते. त्यामुळे हा अनुभव त्यांना सृष्टिनियमासारखा वाटू लागला. १९७३ साली तेलाचा भडका उडाला, १९७४ मध्ये वापर जवळजवळ जागच्या जागी थबकला आणि पुढे वाढला तोही पूर्वीच्या वेगाने नव्हे. परंतु जुन्या वेगावर विसंबून आखलेली कामे तोवर कागदावरून जमिनीवर येऊ लागली होती.

त्यांपैकी एक मिनेसोटा राज्यात आले. नॉर्थ डकोटातील कोळशाच्या खाणीपाशी वीज निर्माण करून ती सुमारे ४३० मैल लांब, ४०० किलोव्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीने मिनेसोटात आणावयाची होती. ती बांधणाऱ्या दोन्ही संस्था सहकारी होत्या. खेड्यांना वीज मिळावी म्हणून १९३५ नंतर शेतकऱ्यांनीच ज्या सहकारी संस्था उभारल्या, त्यांच्यातूनच त्या निघाल्या होत्या. आपलीच संस्था आपल्याच शेतात मनोरे घेऊन आली, हे दुःख शेतकऱ्यांना अधिक झोंबले. वन्य प्राण्यांच्या राखीव जागा टाळल्या जातात, मग पिकाऊ जमीनच स्वस्त का, असा त्यांचा आक्षेप होता. १९७६ पासून त्यांनी मोजणीदारांना अडविले, आणि जानेवारी १९७८ मध्ये गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी २०० हून अधिक राज्य-पोलीस पाठविले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हजारो लोकांनी ग्लेनवुड गावी मोर्चा नेला. ऑगस्टपासून रात्रीच्या वेळी मनोऱ्यांचे बोल्ट सैल होऊ लागले आणि मनोरे कोसळू लागले. तरीही १९७९ मध्ये वाहिनी चालू झाली आणि ती तशीच राहिली. बॅरी कॅस्पर आणि पॉल वेलस्टोन या दोन प्राध्यापकांनी १९८१ साली या लढ्यावर ग्रंथ लिहिला; वेलस्टोन पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले. मिनेसोटाचे शेतकरी विजेच्या गरजेविषयीही विचारीत होते. पण त्यांची शंका ऐकली गेली तोवर निर्णय होऊन चुकला होता.

आता तीस वर्षे पुढे येऊ. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. या अपघाताची सुरुवात ओहायोत झाली. तारा झाडांना टेकल्या, आणि दुर्लक्षामुळे संकट पसरत गेले. त्यावर २००५ च्या कायद्याने नव्या मोठ्या वाहिन्यांना उत्तेजन दिले, त्या बांधणाऱ्यांना जादा परतावा देऊ केला. अशा वातावरणात जून २००७ मध्ये पीजेएम या विद्युत्‌जाळे चालविणाऱ्या संस्थेने एका वाहिनीला मंजुरी दिली. तिचे नाव 'पाथ'. वेस्ट व्हर्जिनियातील जॉन एमॉस या कोळशाच्या प्रचंड केंद्रापासून मेरीलँडमधील केम्पटाउनपर्यंत सुमारे २७५ मैल, दाब ७६५ किलोव्होल्ट, खर्च सुमारे २ अब्ज डॉलर.

या कामाच्या अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने भागभांडवलावर १४.३ टक्के परतावा मंजूर केला. शिवाय वाहिनी कंपन्यांच्या दोषाशिवाय सोडून द्यावी लागली तरी योग्य तो खर्च वसूल करण्याची मुभा दिली. हा खर्च भरावयाचा कोणी? पीजेएमच्या तेरा राज्यांत आणि राजधानीत पसरलेल्या सुमारे ५ कोटी लोकांनी, आपापल्या वीजबिलातून. ज्याला बांधले तर नफा आणि न बांधले तरी तोटा नाही, त्याला मागणीचा अंदाज चुकण्याचे भय कसे वाटावे? यात कोणाची लबाडी गृहीत धरण्याचे कारण नाही. नियमांची घडणच तशी होती.

मंजुरीची शाई वाळते न वाळते तोच मंदी आली. अमेरिकेतील विजेचा खप २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे घटला. वाटेवरच्या तिन्ही राज्यांतील शेतकरी, घरमालक आणि ग्राहक यांनी विरोध सुरू केला. सुरुवात अर्थातच जमीन, डोंगर आणि घराचे मोल यांपासून झाली. परंतु 'माझ्या अंगणात नको' एवढ्यानेच वाद संपला असता, तर वाहिनी दुसऱ्याच्या अंगणात गेली असती. मंडळींनी अर्जातील आकडे वाचले आणि विचारले: हे भाकीत कोणत्या वर्षाच्या आकड्यांवर उभे आहे?

व्हर्जिनियात हा प्रश्न निर्णायक ठरला. तेथील चौकशी-अधिकाऱ्याने ताज्या आकड्यांनिशी गणित पुन्हा करावयास सांगितले. ते केल्यावर वाहिनी ठरल्या वर्षी लागत नाही असे निघाले, आणि २००९ च्या अखेरीस कंपन्यांनी स्वतःच अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. नवा अर्ज, नवी तारीख असे आणखी एक वर्ष गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये पीजेएमने काम स्थगित केले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये पाथ कायमची रद्द झाली. एकही मनोरा उभा राहिला नाही.

परंतु बिल आले. कंपन्यांनी सुमारे १२ कोटी १० लाख डॉलरची वसुली मागितली. त्यात लोकमत आणि सरकारी निर्णय आपल्या बाजूला वळविण्यासाठी केलेला खर्चही होता; म्हणजे विरोध करणाऱ्या ग्राहकानेच आपल्या विरुद्धच्या प्रचाराचे पैसे द्यावयाचे! वेस्ट व्हर्जिनियातील दोन स्त्रियांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे दाद मागितली, आणि २०२२ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

आता दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. अंदाज चुकून वीज उरली तर पैसे वाया जातात. चुकून कमी पडली तर रुग्णालये अंधारात जातात. म्हणून अभियंता सावधपणे जास्तच मोजतो, आणि वाहिनीला दहा वर्षे लागत असल्याने त्याला आधीच बोलावे लागते. शिवाय मागणी घटली ती कायमची घटली, असेही नव्हे. पाथचे शेवटचे टोक व्हर्जिनियातील लाउडन परगण्यापासून फार दूर नाही, आणि त्या परगण्यात गेल्या काही वर्षांत संगणकांची अजस्र कोठारे उभी राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये पीजेएमने सुमारे ५ अब्ज डॉलरची नवी कामे मंजूर केली. त्यांतली एक वाहिनी पुन्हा मेरीलँडच्या शेतांतूनच जावयाची ठरली, आणि पुन्हा शेतकरी उभे राहिले. पाथ रद्द झाली म्हणजे प्रत्येक वाहिनी अनावश्यक, असा निष्कर्ष काढणारा माणूस जुन्या अभियंत्यांचीच चूक उलट दिशेने करील. नव्या वाहिनीचा हिशेब नव्याने मागितला पाहिजे.

आपल्या देशात विजेची मागणी वाढती आहे, म्हणून हा इतिहास जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. तथापि भाकिताची किंमत आपणही मोजली आहे. दाभोळचा प्रकल्प परवडणारा नाही, त्याची वीज मागणीच्या मानाने अधिक आणि महाग पडेल, असा अभिप्राय जागतिक बँकेने १९९३ सालीच दिला होता. केंद्राचा पहिला टप्पा १९९९ मध्ये चालू झाला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबविले.

मुळशीच्या मावळ्याला कोणी हिशेब दाखविला नाही. मिनेसोटात तो उशिरा निघाला, आणि व्हर्जिनियात तो वेळेवर पुन्हा मांडला गेला म्हणून तेथील शेते वाचली. सार्वजनिक कामाच्या मुळाशी असलेला आकडा कोणी काढला, केव्हा काढला आणि तो चुकल्यास भुर्दंड कोणावर, एवढे तीन प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. ते विचारणारा प्रगतीचा शत्रू ठरत नाही. काम खरोखर गरजेचे असेल तर ते या प्रश्नांना पुरून उरेल. नसेल, तर ज्याच्या शेतात मनोरा यावयाचा आहे त्याला ते पहिला खड्डा खणण्यापूर्वी कळावे, एवढा त्याचा हक्क आहे.