संस्कृतचे दार बंद झाले, त्यानंतरची गोष्ट

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट आपण सर्वांनीच जयंतीच्या भाषणांत ऐकलेली आहे. पण ती आपण तिथेच का थांबवतो? दार बंद करणाऱ्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांनी पुढे कोणकोणती दारे उघडली, ते मात्र आपल्यापैकी फार थोडे सांगू शकतील.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र या विषयांचे ढीगभर अभ्यासक्रम घेतले. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन हेही दोन अभ्यासक्रम आहेत. ही हौस नव्हती. त्या काळी अर्थशास्त्राचे मोठे काम जर्मन भाषेत होत होते. बाबासाहेबांचे गुरू प्रा. सेलिग्मन स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. मूळ ग्रंथ वाचायचा तर त्याची भाषा यायला हवी, एवढा साधा हिशेब होता.

या हिशेबाचा उपयोग १९२१ साली झाला. लंडनमध्ये शिकत असतानाच बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले आणि त्यासाठीचे पत्र स्वतः जर्मन भाषेत लिहिले. लंडनच्या अभ्यासामुळे बॉनचे शिक्षण पुढे गेले नाही, हे खरे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जर्मनीतले संस्कृतचे पहिले अध्यासन १८१८ साली याच बॉनमध्ये सुरू झाले होते. मुंबईत ज्याला संस्कृतच्या वर्गात जागा नव्हती, त्याला संस्कृतच्या या परदेशी माहेरघराने जात न विचारता प्रवेश दिला!

आता विद्यापीठांचा इतिहास पाहू. कोणती भाषा 'शिकण्यालायक' आणि कोणती नाही, हे कधीच केवळ विद्वत्तेवर ठरलेले नाही. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक आणि लॅटिनचा एवढा दबदबा होता, की आधुनिक भाषांची स्वतंत्र पदवी परीक्षा १९०३ साली मंजूर झाली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत उच्च परीक्षांतून मराठीला बाहेर काढण्यात आले. का? तर संस्कृत, फारसी, लॅटिन या 'अभिजात' भाषा आणि मराठी मात्र नुसती 'देशी'! न्या. रानडे यांनी त्यासाठी दीर्घकाळ झगडा केला, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी एम.ए.पर्यंत पोहोचली. कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या तोंडची भाषा त्यांच्याच विद्यापीठाच्या दारात उभी राहिली होती. वर्णव्यवस्था माणसांतच असते असे नाही, ती अभ्यासक्रमातही असते.

म्हणूनच आपल्या महामानवांनी भाषेकडे हत्यार म्हणून पाहिले. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या बळावर संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आणि पालीचा शब्दकोश व व्याकरण तयार केले. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडला आहे?

काही मित्र म्हणतात, "इंग्रजी आली म्हणजे पुरे झाले." आम्हाला हे पटत नाही. भगवान बुद्धांवरील आधुनिक संशोधनाचा पाया युरोपात घातला गेला तो फ्रेंच आणि जर्मन भाषांत. बर्नुफचा ग्रंथ १८४४ सालचा, ओल्डेनबर्गचा १८८१ सालचा. मूळ वाचता येत नसेल तर दुसऱ्याने जेवढे भाषांतरित केले, तेवढेच आपले ज्ञान. आपल्या धम्माचा इतिहासही उसन्या डोळ्यांनी वाचायचा का?

दुसरे मित्र म्हणतात, "हे पैसेवाल्यांचे चोचले." आम्हीही वस्तीतल्या पोरांना जर्मनचे नाव काढल्यावर हसताना पाहिले आहे. पण हिशेब मांडा. काही अपवाद सोडले तर जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र तिथले पदवी अभ्यासक्रम बहुतांश जर्मनमधूनच आहेत. म्हणजे तिथे अडते ती भाषा. खिसा रिकामा असलेल्यांनाच या भाषेची जास्त गरज आहे. आणि पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे यांच्याच नावाच्या इमारतीत, विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथल्या वर्गांत आपली किती मुले-मुली बसतात, हे मोजण्याचे काम आपलेच आहे.

दारे बंद करणारे आजही आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरील विषय वगळले. म्हणजे परदेशी जा, पण जातीवर संशोधन करू नका! शाळेतल्या त्या संस्कृत शिक्षकात आणि या निर्णयात फरक तो काय?

याविरुद्ध लढले पाहिजेच. पण लढताना थांबायचे नाही. गावोगावच्या विहारांत, अभ्यासिकांत आठवड्यातून दोन संध्याकाळ एका परक्या भाषेला द्या. ज्याला येते त्याने शिकवावे, ज्याला येत नाही त्याने न लाजता पहिल्या बाकावर बसावे. 'शिका' या शब्दात वर्णमालाही येते, आणि ती कोणत्या देशाची असावी याची अट बाबासाहेबांनी घातलेली नाही.

जय भीम!