बादलीचा फुटबॉल

आमच्या सावनेरकडं फुटबॉल म्हणजे कामठीचा खेळ, असंच मानत. क्रिकेट घरचं, कबड्डी गावची अन् फुटबॉल कामठीवाल्यांचा. त्याला कारणही होतं. 1821 साली इंग्रजांनी कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसवली. पलटण आली की तिचे खेळही येतात. पुढं गोरे गेले, चेंडू मात्र कामठीच्या मोहल्ल्यांत राहिला. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या मैदानांवर आजही आदरानं घेतात.

आम्हा पोट्ट्यांजवळ चेंडू कुठला? आंबिया बहाराची गळ सुरू झाली की संत्र्याखाली हिरव्या, टणक फळांचा सडा पडे. तीच लाथाडत शाळेत जायचं. खरा फुटबॉल खेळायचा तर मोठं मैदान, अकरा-अकरा गडी अन् बूट पाहिजेत. मोकळी जागा दिसली की तिथं लगनाचा मांडव तरी पडतो, नाही तर बाजार तरी भरतो. त्यामुळं हा खेळ आपल्यासाठी नाहीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून 2001 साली नागपुरात जे झालं, त्याचं मला मोल वाटतं. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे सर. भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांना चेंडू दिला, एवढं तर कोणीही केलं असतं. सरांनी पुढं वस्त्यावस्त्यांची स्पर्धा भरवली. झोपडपट्टी फुटबॉल! नावातच सगळं आलं. वस्ती लपवून खेळायला बोलावलं नव्हतं. शंभरावर संघ जमले. पुढं तीच संस्था ‘स्लम सॉकर’ नावानं वाढली. निवृत्तीचा पैसा सरांनी पोरांसाठी जमीन घेण्यात घातला. अमेरिकेत असलेला मुलगा, अभिजित, परत येऊन याच कामाला लागला. संस्थेचं ठिकाण बोखाऱ्याला. आमची सावनेरची एसटी कोराडीवरून नागपुरात शिरते, त्याच अंगाला.

बेघरांचा विश्वचषक म्हणून एक स्पर्धा असते. 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती सुरू झाली. तिचं मैदान 22 मीटर लांब, 16 मीटर रुंद. गोलकीपर धरून एका बाजूला चार गडी, अन् सात-सात मिनिटांचे दोन डाव. म्हणजे बाप्पा, आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या खळ्याएवढी जागा झाली! चार पोट्टे कोणत्याही गल्लीत भेटतात. ज्या जागेपायी खेळ अडला होता, ती अडचणच इथं निघून जाते.

2010 साली ही स्पर्धा रिओला झाली. भारताचा कर्णधार होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. एके काळी तो पोलिसांना चुकवत फिरे, हे त्यानंच पुढं जाहीरपणे सांगितलं. मैदानाशी आला, खेळात ओढला गेला अन् रिओहून परतल्यावर स्वतः पोरांना शिकवू लागला.

2022 साली नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला आणि ही गोष्ट घरोघरी पोचली. सिनेमा चांगलाच आहे, पण अमिताभ बच्चन सर झाल्यावर लोकांच्या ध्यानात सरच राहतात. मला विचाराल तर त्यातली नागपूरची पोरं अधिक खरी. त्यांना पाहून आमच्या गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, ‘‘हे तं आपलेच पोट्टे व माय!’’

2016 साली स्लम सॉकरला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. तोवर तिथं मुलीही खेळू लागल्या होत्या. आमच्याकडं मात्र पोरीनं चेंडूला पाय लावला की अजून ऐकू येतं, ‘‘पाय मोडला तं लगन कोन करन तुह्यासंगं?’’ परवा हेच ऐकल्यावर एका पोरीनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती दोन विटांमधलं अंतर पावलांनी मोजत होती.